उर्वशीताईनं संत्री दुप्पट केली नव्हती

यंदा मृग बहाराची संत्री निघायला लागली तेव्हा सौसरमध्ये एक बातमी फिरत होती. बागडेंच्या उर्वशीनं म्हणे एका दिवसात बोरगाव रस्त्यावरची सगळी संत्री दुप्पट केली.

बातमी एकच, पण प्रत्येकाच्या तोंडी तिचा सूर वेगळा. बसस्टँडवरचा चहावाला आधी गाळणी आपटायचा, मग डोळा मारायचा आणि म्हणायचा, "पोट्टीनं बटन दाबलं ना भाऊ, इकडून एक संत्रा आत, तिकडून दोन बाहेर!" माझी मोठी आई तोंडावर पदर धरून इतक्या बारीक आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं कोणी गेलंच. "करणी व्हय वं ते. नागपूरवरून शिकून आली म्हणतेत." आणि बातमी पांढुर्ण्याला पोचेपर्यंत संत्री तिप्पट झाली होती. जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्याचे लोक सगळंच जरा मोठं करून सांगतात.

खरं असं की एक संत्रासुद्धा वाढला नव्हता. तेच ते प्लास्टिकचे कॅरेट दोनदा काट्यावर चढले होते, आणि चढवणारे हात उर्वशीताईचे नव्हते. तिनं फक्त एक निवड केली होती. रिपोर्टनं डेटाबेसला केव्हा केव्हा जाऊन विचारायचं, एवढीच. आता एवढ्याशा गोष्टीतून करणी कशी निघाली ते सांगते.

उर्वशीताई आमच्या शेजारची. तिच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे, त्यामुळे तिच्याकडे कुकरच्या किती शिट्या झाल्या ते आम्हाला कळतं आणि माझी आई माझ्यावर कशावरून ओरडली ते तिला कळतं. ताई हळू बोलते. वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवते, जसं कोणी पाण्यानं भरलेला गंज जमिनीवर ठेवतं. तिची नक्कल करायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. जोरात बोलणारे सोपे असतात.

तिच्या वडिलांची नक्कल मात्र अख्खं सौसर करतं. चिंधू बागडे. मंडीच्या कागदावर तुलावटी, लोकांच्या तोंडी मापारी. मी त्यांना आबाजी म्हणते. आबाजींचा आवाज म्हणजे मंडीची घंटा होती. माल काट्यावर चढला की ते वजन ओरडायचे, "बाऽऽवीस!" आणि ज्याचा माल तो माणूस उत्तर द्यायचा, "हो!" त्या 'हो'शिवाय माल खाली उतरायचा नाही. मोजणी असली तर पहिल्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. इकडं सगळीकडं तसंच आहे, पण आबाजींच्या तोंडून तो 'लाभ' निघाला की खरंच कोणी काही हातात ठेवल्यासारखं वाटायचं. मापाऱ्यानं ओरडलं आणि मालकानं 'हो' म्हटलं म्हणजे वजन झालं. ओरडलं नाही, तर झालं नाही.

मग आबाजींना लकवा मारला. हातपाय हळूहळू परत आले, शब्द आले नाहीत. पाणी आठवायचं नाही, भाकर आठवायची नाही, लेकीचं नाव जिभेपर्यंत यायचं आणि तिथंच बसायचं. फक्त मोजणी राहिली. डॉक्टर म्हणाले, जन्मभर जे म्हटलेलं असतं ते कधी कधी एकटंच मागं राहतं.

तेव्हापासून आबाजी सगळं मोजणीतच बोलतात, आणि दर वेळी लाभपासून सुरू करतात. कोणी "जयभीम आबाजी" म्हटलं की ते हात जोडून म्हणतात, "लाभ." एवढंच, गोड. चहा हवा असला की "लाभ-दोन-तीन?" असं वर चढत जातं. चहात साखर कमी असली की "लाभ, दोन, तीन, चार, पाच" असं एकेक पायरी उतरत येतं. आणि राग आला की थांबतच नाहीत. एकदा आमच्या मांजरीनं त्यांचं दूध प्यायलं, तर ते चाळीसच्या पुढं गेले होते. मांजर बसून ऐकत होती.

हे सगळं उर्वशीताईला कळतं. आधी तिलाच कळायचं, आता मलाही कळतं, कारण कान असला की कळतं.

ताई नागपूरला एका कंपनीत रिपोर्ट बनवायचं काम करायची. लकव्यानंतर तिनं आबाजींना तिकडं नेलं. तिसऱ्या माळ्यावरची खोली. शेजारचे लोक चांगले होते, पण आबाजी "लाभ-दोन" म्हणाले की ते एकमेकांकडं पाहायचे आणि दार लावून घ्यायचे. हळूहळू आबाजींनी मोजणं बंद केलं. चहा आला तरी गप्प, नाही आला तरी गप्प. ताई मला एकदा म्हणाली, "बाबा रागावले असते ना, तरी बरं वाटलं असतं मले." तिनं नोकरी सोडली आणि त्यांना घेऊन परत आली. ऑटो मंडीच्या फाटकासमोरून वळला तेव्हा आबाजी बाहेर पाहत म्हणाले, "लाभ." त्या दिवशी ताईनं ठरवलं की आता इथून हलायचं नाही.

पण सौसरमध्ये रिपोर्ट बनवायची नोकरी कुठं असणार? एकच निघाली. बोरगाव रस्त्यावर शेतकऱ्यांच्या कंपनीचं संत्र्याचं केंद्र नवीन उघडलं होतं. ट्रॅक्टर येतात, कॅरेट काट्यावर चढतात, वजन आपोआप कॉम्प्युटरच्या डेटाबेसमध्ये जातं, मग बाया संत्री निवडतात. माझी आई तिथं निवडायला जाते. सगळ्या मालाची मिळून चिठ्ठी संध्याकाळी एकदमच हातात येते. ताईला काम मिळालं ते असं की त्या डेटाबेसवरून रिपोर्ट बनवायचा. कोणाचा किती माल आला, कोणत्या प्रतीचा, किती ट्रक लागतील. शेतकऱ्यांना तो मोबाइलवर दिसावा आणि काट्याजवळच्या भिंतीवर मोठ्या स्क्रीनवरही.

केंद्राचे मॅनेजर नितीन सर. ते पांढुर्ण्याचे, आणि त्यांचा प्रत्येक विचार एका शब्दाच्या दारातून आत येतो आणि त्याच दारातून बाहेर जातो. "बेसिकली, उर्वशी, आपण हंगामाच्या सुरुवातीला करून पाहू. जमलं तर तुमचंच. नाही जमलं तर नागपूरची एक पार्टी आहे, त्यांना देऊन टाकू, बेसिकली."

म्हणजे रिपोर्ट जमला नाही तर ताईला परत नागपूर. तिसरा माळा. गप्प आबाजी.

एका संध्याकाळी ताई आमच्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं, "एवढा काय इचार करून राहिली वं ताई?"

"रिपोर्टले डेटाबेसशी कसं जोडाचं, ते ठरत नाही."

"वायरनं जोड ना."

ती हसली. "दोन रस्ते आहेत. एक म्हणजे कोणी रिपोर्ट उघडला का दर वेळी डेटाबेसकडं जाचं अन् विचाराचं, आता किती? त्याले लाइव्ह म्हणतेत. दुसरा म्हणजे मधून मधून जाचं, सगळ्याची कॉपी आणून ठेवाची, अन् कोणी विचारलं का त्या कॉपीतून सांगाचं."

"मंग लाइव्हच चांगलं. ताजं ताजं."

"तुई आई भाकरी थापून राहिली असली, अन् तू दर मिनिटाले जाऊन विचारलं, आई किती झाल्या, आई किती झाल्या, तर काय होते?"

आतून माझी आई म्हणाली, "उलथनं बसते पाठीत."

"तेच," ताई म्हणाली. "कॉम्प्युटर एकच आहे आपला. काट्याची वजनं घेणाराही तोच अन् विचारणाऱ्याले सांगणाराही तोच."

तरी पहिल्या दिवशी तिनं लाइव्हच लावलं. माझ्या सांगण्यावरून नाही. शेतकऱ्यांना ताजं दिसावं म्हणून. सकाळी छान चाललं. मग दुपार झाली, ट्रॅक्टरची रांग बोरगावच्या वळणापर्यंत गेली, आणि रांगेतला माणूस काय करणार? त्यानं मोबाइल काढला. रिपोर्ट उघडला. पाहिला, बंद केला, परत उघडला. सगळ्या रांगेनं तेच केलं. डेटाबेस बिचारा ह्याला सांगू का त्याला सांगू करत बसला आणि काट्यावरचं वजन आत घ्यायला त्याला सवडच होईना. काट्यावरचा राजू हात वर करून ओरडला, "ओ मॅडम, काटा हँग होऊन राहिला!" संत्री उन्हात, माणसं उन्हात. कोणीतरी मागून म्हणालं, "याच्यापेक्षा चिंधूभाऊ बरा होता गा, तो कदी हँग नाही झाला."

ताईनं ऐकलं. घरी येऊन तिनं सगळं कॉपीवर टाकलं. तासाला एकदा कॉपी, आणि भिंतीवरची स्क्रीन असो का मोबाइल, जे दिसेल ते कॉपीतलं. दुसऱ्या दिवशी काटा सुसाट. राजू शिट्टी वाजवत होता.

आणि त्याच दिवशी संत्री दुप्पट झाली.

मोहगावचे सुधाकरकाका म्हणजे उंच, वाळके, गळ्यात गमछा, आणि कशावरही लवकर विश्वास न ठेवणारे. बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पाह्य बरं" म्हणतात, जसं काही पुरावा खिशातच आहे. त्यांचे कॅरेट काट्यावर चढले, उतरले. काकांनी भिंतीवरच्या स्क्रीनकडं पाहिलं. त्यांचं नाव नाही. थांबले. अजून नाही. कॉपीला अजून वेळ होता, पण ते काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

"राजू, माह्यं चढलं नाही."

"चढलं ना काका."

"कोठी चढलं? पाह्य बरं. नाव कोठी आहे?"

राजूच्या मागं दुसऱ्यांचे कॅरेट येऊन पडले होते. तो तिकडं वळला. काकांनी काय करावं? जन्मभर जे केलं तेच केलं. मापाऱ्यानं ओरडलं नाही म्हणजे वजन झालं नाही. त्यांनी आपले कॅरेट उचलले, शेडला वळसा घातला आणि परत रांगेतून काट्यावर आणून ठेवले. त्यांच्या मागच्यानं ते पाहिलं. त्याचंही नाव स्क्रीनवर नव्हतं. त्यानंही वळसा घातला. मग सगळ्यांनीच. कॅरेट सगळे सारखे हिरवे, राजूला काय ओळखू येणार? बाया निवडायच्या थांबून पाहत होत्या. माझी आई म्हणते की तिला वाटलं ही काहीतरी नवीन पद्धत असेल, नागपूरची.

संध्याकाळी नितीन सरांनी रिपोर्ट उघडला आणि खूश झाले. "बेसिकली, बंपर!" त्यांनी जास्तीचा ट्रक बोलावला. ट्रक आला, भरायला गेले तर मालच नाही. ड्रायव्हर रिकाम्या ट्रकच्या मागच्या बाजूला उभा राहून आत डोकावत म्हणाला, "साहब, माल दिखता नहीं है, कि मेरेको चश्मा लगा है?" हे वाक्य दुसऱ्या दिवशी अख्ख्या सौसरला पाठ होतं. मी ते ड्रायव्हरच्या भुवईसकट करायची. बातमी तिथूनच निघाली. रिपोर्ट उर्वशीनं बनवला, रिपोर्टमध्ये संत्री दुप्पट, म्हणजे उर्वशीनं संत्री दुप्पट केली.

नितीन सर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर मला नक्कल करायला मजा आली असती. ते हळू म्हणाले, "उर्वशी, सोमवारी नागपूरची पार्टी येऊन राहिली. तोवर काही होत असेल तर पहा." त्यात एकदाही 'बेसिकली' नव्हता. तेव्हाच मला कळलं की प्रकरण खरं आहे.

रविवारी सकाळी मी ताईकडं गेले. ती चुलीजवळच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. कपाटातली मोठी सुटकेस बाहेर काढून ठेवलेली. तिच्याकडं आम्ही दोघींनीही पाहिलं नाही. आबाजी खाली चटईवर बसून टोपलीतली संत्री एकेक करून दुसऱ्या टोपलीत ठेवत होते. "लाभ. दोन. तीन." रोजचंच.

"मंग लाइव्ह का कॉपी?" मी विचारलं.

"लाइव्ह केलं तर काटा बसते. कॉपी केली तर माणसं वळसे घालतेत." ताईनं डोळे चोळले. "दर पाच मिनिटाले कॉपी केली तरी पाच मिनिटं ते लोक थांबणार नाहीत."

"नाही थांबत. सुधाकरकाका तर पाह्य बरं म्हणायला लागतेत त्याच्या आत."

ती हसली नाही. तिनं आबाजींना विचारलं, "बाबा, जेवता का? भाकर गरम आहे."

आबाजी "अकरा" म्हणून संत्रा ठेवत होते. त्यांनी डावा तळहात वर केला. थांब. आणि मोजत राहिले. "बारा. तेरा." तळहात तसाच वर. टोपली संपली तेव्हा हात खाली आला, त्यांनी लेकीकडं पाहिलं आणि मान हलवली. हो, जेवतो.

मी हे शंभरदा पाहिलं आहे. मंडीतही ते असंच करायचे म्हणतात. काटा चालू असताना कोणी विचारलं, "चिंधूभाऊ, माह्या एकूण किती झाला?" तर हात वर. वजन ओरडणं चालूच. एकूणचा हिशेब नंतर, चहाच्या वेळी.

ताई भाकर वाढायला उठली आणि अर्ध्यातच थांबली. हातात ताट.

"मी दोघांले एकाच दाव्याले बांधलं," ती म्हणाली.

"कोणाले?"

"दोन प्रश्न आहेत वं. काट्यापाशी उभा आहे त्याले एकच पाहिजे, माह्या कॅरेट चढला का? तो लहानसा प्रश्न आहे, एका ओळीचा. तो लाइव्ह ठेवला तर कॉम्प्युटरले काही जड नाही. अन् मोबाइलवर पाहतेत ते एकूण, प्रत, ट्रक, हंगामाचा हिशेब, ते जड. ते कॉपीतून सांगितलं तरी कोणाचं काही अडत नाही, फक्त कधीची कॉपी ते मोठ्या अक्षरात लिहाचं."

"असं दोन्ही करता येते?"

"येते. मले पह्यल्या दिवसापासून माहीत होतं." ती ताट घेऊन तशीच खाली बसली. "दोन-दोन कनेक्शन एकटीनं सांभाळाची भीती वाटली. मले सोपं होतं ते निवडलं मी. त्याईले इश्वास बसन ते नाही."

आबाजींनी तिच्या हातातलं ताट घेतलं, कारण ते गार होत होतं. "लाभ, दोन, तीन, चार," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. भाकर खरंच गार झाली होती.

दिवसभर ती कामाला बसली. भिंतीवरच्या स्क्रीनवर आता एकच गोष्ट दिसणार होती. आत्ता काट्यावर कोणाचा माल आहे आणि वजन किती, हाताएवढ्या मोठ्या आकड्यात. थेट डेटाबेसमधून. बाकी सगळा रिपोर्ट मोबाइलवर, कॉपीतून, आणि त्याच्या डोक्यावर 'हे अमुक वाजताचे आकडे आहेत' अशी पट्टी. दुपारी ती म्हणाली, "उद्या बाबाले संग नेतो. तुई आईही कामावर, मीही. अन् उद्या किती वेळ लागन काय माहीत."

मी म्हटलं, "नेशील, पण तिथं ते लाभ-दोन-तीन करतीन ना. काट्यापाशी वजनं चालू, अन् इकडून आबाजी पाच, सहा, सात. लोकाईची अजून गडबड."

ताई आबाजींकडं पाहत होती. "काट्यावर आकडा दिसला का बाबा तोच म्हणतीन."

"नाही म्हणत."

"म्हणतीन."

"ताई, माह्या कान आहे. आबाजी लाभपासूनच सुरू करतेत. रागात, लोभात, मांजरीवर, कुठंही. मधातला आकडा त्याईच्या तोंडून एकटा निघतच नाही. लाव शर्त."

"लावली," ताई म्हणाली. अशा गोष्टीत ती कधी शर्त लावत नाही. "मी हरली तर नितीन सरांची नक्कल तू केंद्राच्या माइकवरून कर. परवानगी मी काढून देतो."

हे स्वप्नच होतं. "अन् मी हरली तर?"

"तर हंगाम संपेपर्यंत कोणाची नक्कल कराची नाही. तोंड उघडलं का तुयाच आवाजात बोलाचं."

मी हसत हात पुढं केला. आबाजींनीही आपला हात आमच्या हातांवर ठेवला आणि म्हणाले, "लाभ." मी म्हटलं, "पाहिलं?"

सोमवारी शाळेला दांडी. ह्याबद्दल माझी आई नंतर जे बोलली ते इथं नको.

नागपूरची पार्टी म्हणजे दोन जण, दोघांच्याही खांद्याला लॅपटॉपची बॅग. नितीन सर त्यांना शेड दाखवत होते. आबाजी काट्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, भिंतीवरच्या स्क्रीनकडं तोंड करून. येणारा प्रत्येक जुना माणूस त्यांच्यापाशी थांबत होता, आणि ते प्रत्येकाला हात जोडून "लाभ" म्हणत होते. ताई टेबलामागं उभी. बसलीच नाही.

पहिला ट्रॅक्टर नेमका सुधाकरकाकांचा. पहिला कॅरेट काट्यावर चढला आणि त्याच क्षणी भिंतीवर नाव उमटलं. खाली मोठा आकडा, बावीस.

काकांनी नाव वाचलं. ओठ हलवून वाचलं.

"चढलं काका," राजू म्हणाला. "पाह्य बरं."

रांगेत हसू आलं. काका हसले नाहीत. ते हललेही नाहीत. रांग मागून ढकलत होती, पण काका स्क्रीनकडं पाहत उभे होते, एक हात कॅरेटच्या कडेवर. नाव दिसत होतं, आकडा दिसत होता, तरी त्यांना काहीतरी कमी वाटत होतं, आणि काय ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बोटं कॅरेटच्या कडेत शिरली. म्हणजे आता उचलणार आणि वळसा घालणार. नागपूरवाल्यांपैकी एकानं घड्याळ पाहिलं. ताईनं टेबलाची कड धरली.

"बाऽऽवीस!"

शेडच्या पत्र्यातून कबुतरं उडाली. आधी 'लाभ' नाही, मागं-पुढं काही नाही. सरळ बावीस, सुरुवातीचा 'बा' तसाच लांब, जसा मंडीत होता, जसा मी आरशासमोर शेकडो वेळा करून पाहिला आहे आणि मला कधीच पूर्ण जमला नाही.

"हो!" सुधाकरकाका ओरडले. विचार करून नाही, आपोआप, शिंक यावी तसं. आणि त्यांनी कॅरेट पुढं सरकवला. मग त्यांनी आवाजाच्या दिशेनं पाहिलं, आणि गमछ्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं.

पुढचा कॅरेट चढला. स्क्रीनवर आकडा आला, आबाजींनी तो ओरडला. "हो!" पुढचा. "हो!" ताई त्यांच्याकडं पाहत नव्हती, लॅपटॉपकडं पाहत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. ओढणी मात्र डोळ्यांशी गेली आणि तिथंच राहिली. भिंतीवर अजून तासातासाची कॉपीच असती तर आबाजींना ओरडायला आकडाच मिळाला नसता.

आबाजी काही दिवसभर पुरले नाहीत. थोड्या वेळानं ते दमले, माझ्याकडं वळले आणि "लाभ-दोन-तीन?" म्हणाले. मी चहा आणायला गेले. परत आले तेव्हा आबाजी गप्प बसून होते, आणि काटा चालूच होता. आकडा स्क्रीनवर येत होता, आणि ज्याचा माल तो माणूस स्क्रीनकडं तोंड करून म्हणत होता, "हो!" ओरडणारं कोणी नव्हतं, तरी म्हणत होता. एकही कॅरेट परत फिरला नाही. रांगेतले लोक मोबाइल पाहत होते, पट्टीवरची वेळ वाचत होते आणि परत खिशात ठेवत होते.

नागपूरवाल्यानं नितीन सरांना विचारलं, "सर, ये लोग स्क्रीन को हाँ क्यों बोल रहे हैं?"

नितीन सर टाय असती तर सरळ केली असती अशा आवाजात म्हणाले, "बेसिकली, हमारे यहाँ ऐसा ही होता है." मग त्यांना चहा पाजला, दोन-दोन संत्री हातात दिली आणि गाडीपर्यंत सोडून आले. येताना ताईच्या टेबलापाशी थांबले. "उर्वशी, बेसिकली, पुढच्या हंगामाचं पण तुम्हीच पहा."

ताईची सुटकेस त्या संध्याकाळी परत कपाटात गेली. भिंतीतून आवाज आला मला.

आणि मी शर्त हरले. उर्वशीताईनं तर सोडूनही दिलं असतं, पण आबाजी सोडत नाहीत. मी जरा कोणाचा सूर धरला की त्यांचा डावा तळहात वर होतो. हंगाम अजून संपलेला नाही. चहावाला गाळणी आपटतो, सुधाकरकाका "पाह्य बरं" म्हणतात, नितीन सर तर रोज नवीन काहीतरी बोलतात, आणि मी ओठ दाबून माझ्याच आवाजात "नमस्कार" म्हणते. म्हणून हे सगळं लिहून काढलं. तोंडानं नक्कल करायची नाही एवढंच ठरलं होतं. कागदाचं काही ठरलं नव्हतं.